नावाच्या जागी टिंबं

सोलापूर,
ता. २१ मे १९२८

चि. बाळूस अक्काचा आशीर्वाद.

पुण्यास सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. तुझी टोपी इथंच खुंटीवर राहिली आहे, ती कुणा येणाऱ्याबरोबर पाठवते. मांडव उतरला, भाड्याची भांडी गेली, आणि घर असं खायला उठलं आहे की विचारू नकोस. मालती सासरी गेली तरी मी सकाळी तिच्या वेणीसाठी फणी काढून ठेवते. हे मिलच्या कचेरीतून आले की 'माले, पाणी' म्हणून हाक मारतात, आणि मग ओशाळून स्वतःच उठून घेतात.

तुझी मात्र इकडे भलतीच कीर्ती झाली आहे. मंगलाष्टकांच्या गुलाबी कागदावर खाली 'रचणार : वधूचे मामा' असं म्हणून तुझं नाव छापलं, ते लोकांनी खरं मानलं. आपल्याकडची रीतच ती. मामानं मुलीच्या पाठीशी उभं राहायचं आणि अष्टकंही त्याच्याच नावावर चढवायची, मग ती चुलीपुढं बसून बहिणीनं का जुळवलेली असेनात. बाईचं नाव छापलं असतं तर मांडवात अष्टकं कुणी ऐकली नसती, सगळ्यांनी माना वळवून बाईच पाहिली असती. मोडनिंबच्या विहीणबाई मला म्हणतात कशा, "तुमचं भाऊ कवी हायत व्हय? लई ग्वाड लिवलंय." मी म्हटलं, "लहानपणापासूनच." तुझी शाळेतली पद्यं कोण जुळवून देत असे, ते मी सांगितलं नाही.

भटजींनी तिसरं कडवं म्हटलं ना, 'मासोळ्यांस तळ्यात घास भरवी, ती लाडकी मालती', तेव्हा ही पोरगी अंतरपाटाआड खुदकन हसली. तू मागेच होतास, तुझ्या लक्षात आलं का? सिद्धेश्वराच्या तळ्यावर पदरात चुरमुरे घेऊन बसायची आणि घरची कामं विसरायची, त्यावरून मी तिला किती बोलत असे. तेच मी तिच्या लग्नात घातलं, म्हणून हसली. एवढ्यासाठीच तर मी ती आठ कडवी केली रे. मांडवात आणखी कुणाला कळलं नसेल, पण तिला कळलं.

छापखानेवाला चनबसप्पा येऊन गेला. म्हणाला, "अक्का, हे जुळवलेले अक्षरांचे खिळे मी सोडत न्हाई बघा. दोरीनं बांधून असंच ठेवतो. नाव तेवढं उपसलं, दुसरं बसवलं, की कुठल्याबी लग्नाला चालतंय." मी म्हटलं, ठेव बाबा, तेवढंच पुण्य.

प्रकृतीस जप. खाणावळीतलं तेलकट खाऊ नकोस.

तुझी अक्का


पुणे,
ता. ३ जून १९२८

ती. अक्काच्या पायी बाळूचा नमस्कार.

टोपी मिळाली. कीर्ती तिच्याआधीच येऊन पोचली होती.

त्याचं झालं असं, आमच्या शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांच्या मुलीचं लग्न होतं. मी सहज तो गुलाबी कागद खिशातून काढला (सहज म्हणजे काय, तू ओळखतेसच), आणि मास्तरांनी तो सोडलाच नाही. मुलीचं नाव जानकी. मालतीच्या जागी जानकी अशी बसली की जणू माप घेऊन शिवली! मीच खड्या आवाजात म्हटली अष्टकं. बायकांनी डोळे पुसले. एका म्हातारबुवांनी माझा हात धरून विचारलं, "तळ्याची कल्पना सुचली तरी कशी?" मी जरा वर पाहिलं, थांबलो, आणि म्हटलं, "सुचतं." आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा तुझा भाऊ.

चनबसप्पाला खुशाल छापू दे. मीही त्याला कार्ड टाकलं आहे की आमची काही हरकत नाही, मात्र मामाचं नाव गाळू नकोस म्हणजे झालं. अक्का, गाणं म्हणजे काय लोणचं आहे, शेजाऱ्यानं नेलं की बरणी रिकामी व्हायला? दहा मांडवांत म्हटलं गेलं म्हणून मालतीच्या वाट्याचं काय कमी होणार? जात्यावरच्या ओव्या कुणाच्या, हे कधी कुणी विचारलंय का?

एक संकट मात्र आलं आहे. कीर्ती ऐकून हेडमास्तरांनी मला इन्स्पेक्टरसाहेबांसाठी स्वागतपद्य करायला सांगितलं आहे. उलट टपाली पाठव, नाहीतर माझं बिंग फुटतं. साहेबांचा गुण कोणता घालू म्हणशील, तर ते वर्गात फार शांत झोपतात.

तुझा बाळू


सोलापूर,
ता. ९ डिसेंबर १९२८

चि. बाळू,

मालती परवा माहेरी आली. सातवा लागला आहे. तोंड सुकलंय, पण बडबड तशीच. आल्या आल्या तळ्यावर जाते म्हणाली. मी म्हटलं, पायऱ्यांवर शेवाळ आहे, बाळंत होऊन उठलीस की पोराला घेऊन जा आणि बस हवं तेवढं. तर माझ्यावर रुसली आहे. कोपऱ्यात बसून चिंचा खाते आणि माझ्याशी बोलायचं असलं की ह्यांच्याकडे बघून बोलते.

तुझ्या लोणच्याची बरणी इकडे गावभर फिरते आहे बरं. तुळशीची लग्नं झाल्यापासून ज्या लग्नाला जावं तिथं तीच अष्टकं. बार्शीची नवरी मासोळ्यांना भरवते, अक्कलकोटची नवरी मासोळ्यांना भरवते. एक पोर तर अशा माळावरच्या गावची होती की तिथं प्यायचं पाणी कोसावरून आणतात, तीसुद्धा तळ्यात मासोळ्यांना घास भरवते! परवाच्या नवरीचं नाव शकुंतला. ते काही त्या जागेत मावेना. भटजींनी कोंबून बसवलं, तेव्हा त्यांची जीभ अशी अडखळली की नवरदेवाच्या आत्याला हसू आवरेना आणि तिला ठसका लागला.

मालती माझ्या शेजारीच बसली होती. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आई, माझे मासे तू सगळ्यांना वाटून टाकलेस की गं." हसतच म्हणाली, पण म्हणाली. मी म्हटलं, वेडे, मासे तुझेच, त्या नुसतं एका दिवसापुरतं नाव लावतात.

बाळंतपणाला माघ उजाडेल. तू सुट्टी काढून बारशाला ये. पाळणा मी करते आहे, आणि या खेपेला खाली आत्याचं नाव घालायचं की मामाचं, ते भांडून ठरवू.

तुझी अक्का


सोलापूर,
ता. २८ एप्रिल १९२९

चि. बाळू,

मालतीचा दहावा होऊन तू परत गेलास, त्यानंतर मी तुला पत्र लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काय होतं? ती गेली आणि तिच्याबरोबर तिच्या पोटचंही गेलं, ते तू डोळ्यांनी पाहूनच गेलास. मी जेवते, भांडी घासते, ह्यांचा डबा भरते. माणूस मेलेल्याबरोबर मरत नाही, हे खरं आहे आणि फार वाईट आहे.

आता वैशाख जवळ आला आणि लग्नं सुरू झाली. काल मी ओसरीवर तांदूळ पाखडत होते. पलीकडच्या बोळात मांडव होता. अष्टकं सुरू झाली. मला वाटलं उठून आत जावं, पण सुपातले तांदूळ संपायचे होते. पहिलं झालं, दुसरं झालं. मग तिचं तळं आलं, तिच्या मासोळ्या आल्या, आणि जिथं तिनं यायचं तिथं कुणा परक्या पोरीचं नाव आलं. मी सूप खाली ठेवलं. बाळू, माझ्या लेकीला पाटावरून उठवून तिथं दुसरीला बसवल्यासारखं वाटलं मला. त्या पोरीचं बिचारीचं काही चुकलं नाही. तिला आशीर्वादच द्यायचा, पण माझ्या तोंडून तो निघेना.

हे थांबव. तू शिकलेला आहेस, कागदावर नाव तुझं आहे. हे म्हणतात की सरकारनं लिहिणाऱ्यांसाठी कायदा केला आहे, रचणाऱ्याच्या मर्जीवाचून कुणाला छापता येत नाही. मला पैसा नको, मला मान नको. लग्नाघरी मालतीच्या नावाची ही ओढाताण नको, एवढंच माझं मागणं. जगात अष्टकं काय थोडी आहेत? ही आठ कडवी तेवढी तिची तिच्यापाशी राहू देत.

चनबसप्पाला मीच हो म्हटलं होतं, ते मला आठवतं. तेव्हा लेक होती.

अक्का


पुणे,
ता. १२ मे १९२९

ती. अक्का,

तुझं पत्र खिशात घेऊन दोन दिवस शाळेत नुसता बसून होतो. मग एका ओळखीच्या वकिलांकडे गेलो.

कायदा आहे. रचणाऱ्याचा हक्क त्याच्या हयातीत राहतो आणि मागे पन्नास वर्षं. हे ऐकून मला वाटलं, जिंकलं! पण मग वकिलांनी एकेक विचारायला सुरुवात केली. रचणार कोण? कागदावर माझं नाव, तेव्हा कायदा मलाच रचणारा धरणार. मी फिर्याद करायची तर शपथेवर सांगायचं की कडवी माझी, आणि तसं मी सांगणार नाही. तू करायचीस तर तुला कोर्टात उभं राहावं लागेल. समोरचा वकील विचारणार, बाई, तुमची होती तर नाव का नाही घातलं? मुलगी मासोळ्यांना भरवायची याला साक्षीदार कोण? तिथं लोकांसमोर मालतीबद्दल ही असली उलटतपासणी मला तर ऐकवणार नाही, मग तुझं काय होईल?

शिवाय परवानगी आपण दोघांनीही दिलेली. माझं कार्ड चनबसप्पाकडे असेलच. वकील म्हणाले, पुढची परवानगी काढून घेता येते, झालेलं परत येत नाही. मग त्यांनी विचारलं, "नुकसान काय झालं?" मी म्हटलं, माझ्या बहिणीला ऐकवत नाही. गृहस्थ चांगले आहेत. चष्मा काढून पुसत राहिले. म्हणाले, "मास्तर, विक्री बुडाली असती तर मी लढलो असतो."

त्यांना एकच वाट दिसते. अष्टकांचं पुस्तक तुझ्या खऱ्या नावानं रीतसर प्रसिद्ध करायचं आणि वर 'सर्व हक्क रचणारीच्या स्वाधीन' असं छापायचं. म्हणजे मालकी जगजाहीर होते आणि मग दुसऱ्याला अडवायला तोंड राहतं. तू हो म्हणालीस तर मी मागे लागतो. तोवर चनबसप्पाला एकदा तूच भेट. तो माणूस वाईट नाही.

तुझा बाळू


सोलापूर,
ता. ३० मे १९२९

चि. बाळू,

चनबसप्पाकडे गेले. छापखान्यात बाईमाणूस आलेलं पाहून तो गडबडला, खिळे जुळवणाऱ्याला उठवून त्याचं स्टूल मला दिलं. मी सांगितलं. त्यानं काही वाद घातला नाही. आत जाऊन ती दोरीनं बांधलेली पानं घेऊन आला, माझ्यासमोर दोरी सोडली आणि खिळे हातानं विस्कटून टाकले. म्हणाला, "तुमची मालती मला ठावं होती, अक्का. मला बी बरं वाटत नव्हतं. पण लोक मागतेत, मी न्हाई म्हटलं तर दुसरीकडं जातेत. आता मी छापत न्हाई. पण बार्शीत माझ्याच कागदावरनं छापून राहिलेत, पंढरपुरात बी. त्यास्नी मी काय सांगू?" मी म्हटलं, तू तुझं केलंस, बास झालं. त्यानं मला दारापर्यंत पोचवलं.

मग मागच्या आळीतल्या सुंदरम्माकडे गेले. त्यांच्या लोकांत लग्नघरी अष्टकं म्हणायला तिलाच बोलावतात, गळा गोड आहे म्हणून. घरात माग चालू होता. मी म्हटलं, सुंदरम्मा, तो कागद तुझ्याकडे असेल तर मला दे. ती म्हणाली, "कागद कशाला अक्का? वाचायला कुणाला येतंय हितं? तुमच्या पोरीच्या लग्नात ऐकलं, तवापासून मला येतंय. मागावर बसलं की म्हनत्ये. पोरी ऐकतेत, त्यांना बी येतंय आता. कागद असता तर दिला असता. तोंडातलं कसं काढून देऊ?" आणि मग तीच रडायला लागली. माझ्या गळ्याची शपथ घेऊन म्हणाली, पुन्हा म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा माग सुरू झाला आणि विसरून ती गाऊ लागली. तिसऱ्या कडव्याशी आली आणि एकदम गप्प झाली, आठवण झाली असणार. मग नुसता मागाचा खटखट आवाज. बाळू, तो मला गाण्याहूनही असह्य झाला. मी कुणाकुणाची तोंडं बंद करत फिरू?

तुझ्या वकिलांचं मला कळलं. कायद्याला विकणारा माणूस कळतो. ज्याला विकायचंच नाही, नुसतं जवळ ठेवायचं आहे, अशा माणसाची त्याच्या पुस्तकात ओळ नाही. ओव्या सगळ्यांच्या, हे तू म्हणाला होतास. खरं आहे. पण मालती सगळ्यांची नव्हती.

पुस्तकाचं तुला योग्य वाटेल ते कर. माझं डोकं आता चालत नाही.

अक्का


पुणे,
ता. ४ ऑक्टोबर १९२९

ती. अक्काच्या पायी नमस्कार.

सोबत पुस्तक पाठवत आहे. तू लिहिलेलं, तुझ्या नावानं! 'रचणार : सौ. बजाबाई' ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. इतकी वर्षं मी मिरवत होतो, ते कर्ज फिटल्यासारखं वाटलं. मुखपृष्ठावर 'सर्व हक्क रचणारीच्या स्वाधीन' हे ठळक टायपात घातलं आहे. ते जरा आणखी मोठं हवं होतं, पण जागा नव्हती.

कपाटात ठेवून पुस्तक प्रसिद्ध होत नाही, लोकांत जावं लागतं, असं वकील म्हणाले. म्हणून इथल्या एका पुस्तकवाल्याच्या दुकानात प्रती ठेवल्या आहेत, काही शाळांना धाडल्या. एक मोडनिंबला व्याह्यांकडेही पाठवली. त्यांच्या घरातली ती आठवण, त्यांच्यापाशी असावीसं वाटलं.

तू लिहिलं होतंस की लग्नाघरी मालतीच्या नावाची ओढाताण नको. तेवढं मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. तिचं नाव सगळीकडून काढून टाकलं आहे, जावयांचंही. जिथं जिथं नावं होती तिथं टिंबं घातली आहेत. आता तिचं नाव कुठल्याही मांडवात कुणाच्या तोंडी जाणार नाही. तुझ्या मनाला थोडा तरी विसावा मिळो.

तुझा बाळू


सोलापूर,
ता. ९ ऑक्टोबर १९२९

बाळू,

पुस्तक मिळालं. ह्यांनी माझं नाव पाहिलं आणि किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हसू दिसलं. मी तिसरं कडवं काढलं. 'मासोळ्यांस तळ्यात घास भरवी, ती लाडकी' आणि पुढे टिंबं.

मी काय म्हटलं होतं आणि तू काय केलंस? दुसरीचं नाव तिच्या जागी नको, असं माझं म्हणणं होतं. तू तिचंच काढलंस. चनबसप्पाला निदान एक नाव उपसायचे कष्ट पडत होते. त्याच्या खिळ्यांत दुसरं येईस्तोवर मालती तरी होती. तू जागा झाडून सारवून मोकळी करून ठेवलीस, की या आणि बसा. आणि वर माझं नाव घातलंस, म्हणजे हे मीच केलं असं झालं.

मी तुझ्यावर रागावले आहे. तू चांगल्या मनानं केलंस हे मला कळतं, म्हणून जास्त रागावले आहे. वाईट मनानं केलं असतंस तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. सगळी पुस्तकं परत घे. जाळ, नाहीतर मुठेत सोड.

अक्का


पुणे,
ता. १६ ऑक्टोबर १९२९

ती. अक्का,

पत्र वाचलं तसा उठून दुकानात गेलो. पुस्तकं उरली नाहीत. लग्नसराई तोंडावर आली, त्यात नावं भरायला जागा तयार ठेवलेलं पुस्तक, त्यामुळे बाहेरगावच्या विक्रेत्यांनी गठ्ठेच उचलले. कोण कुठल्या गावी घेऊन गेलं ते दुकानदारालाही सांगता येत नाही. हक्कांची ती ठळक ओळ मी त्याला दाखवली. तो म्हणाला, "मास्तर, ती प्रत्येक पुस्तकावर असते." वर मलाच विचारतो, दुसरी आवृत्ती कधी काढता? मी बाहेर आलो.

मला वाटलं होतं तुला तिचं नाव ऐकवत नाही. मी तुझं पत्र चार वेळा वाचलं होतं, तरी मला तसंच वाटलं. आता काय करू, ते तू सांग. मला काही सुचत नाही.

बाळू


मोडनिंब,
ता. २ जानेवारी १९३०

ती. आईंच्या पायांवर रेणुकाचं डोकं.

मी कोण, असं तुम्हाला वाटंल. मी तुमच्या जावयांची, महिपतरावांची, दुसरी मंडळी, मागच्या महिन्यात लग्न झालं. तुमची ओटी आणि हिरवं लुगडं मालतीताईंचे बाबा घेऊन आले होते, ते मिळालं. तुम्ही आला नाहीत म्हणून मी वाट बघून ऱ्हायले. सासूबाई म्हणतात, पहिलीची आई ती तुझी आई, तुला आता दोन माहेरं झाली. पण माझी आई मी लहान असतानाच गेली, म्हणून मला तुमचं एकच हाय.

गेलेल्या पहिलीच्या नावानं दुसरीला घालतात, तसा मालतीताईंचा चांदीचा टाक माझ्या गळ्यात घातलाय. रोज जेवायच्या आधी त्याला घास दाखवते. कधी चुकत न्हाई.

लग्नात तुमचीच अष्टकं म्हटली. पुस्तक इथं घरात होतं, मामंजींनी भटजींना तेच काढून दिलं. म्हणाले, आपल्याच घरातलं असताना बाहेरचं कशाला. टिंबांवर ह्यांनी शिसपेनीनं माझं नाव लिवलं. मला तिसरीपर्यंत वाचायला येतं. मी ते पुस्तक माझ्या पेटीत ठेवलंय आणि दळताना म्हणते, सगळं पाठ झालं. माझ्यावर कधी कुणी काही लिवलं नव्हतं.

एक विचारायचं हाय, रागावू नका. मासोळ्यांचं म्हटलं तवा मला लई लाज वाटली. मी कधी मासोळ्यांना भरवलं न्हाई, इथं तळं कुटं हाय, नुसती विहीर. देवाबामणांपुढं माझ्याबद्दल खोटं बोलल्यासारखं झालं. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आम्ही सोलापूरला येणार हाय. तवा मला ते तळं दाखवाल का? मी एकदा भरवते, म्हंजे खरं होईल.

तुमची लेक
रेणुका


सोलापूर,
ता. २४ फेब्रुवारी १९३०

चि. बाळू,

तुझी मधली पत्रं मिळाली. राग केव्हाच गेला, लिहायचा कंटाळा राहिला. सोबत रेणुकेचं पत्र ठेवलं आहे, ते आधी वाच आणि मग हे.

यात्रेला ती सगळी मंडळी आली. महिपतरावांनी माझ्या पाया पडून मान वर केली नाही. मला त्या पोरीचा राग करायचा होता. मनाशी ठरवून बसले होते की चहा देईन, ओटी भरीन आणि एक शब्द जास्त बोलणार नाही. पण ती चांगली आहे रे. खोटी असती, नटवी असती, तर माझं काम सोपं झालं असतं. घरात आली ती सरळ चुलीपाशी जाऊन बसली आणि म्हणाली, "आई, भाकरी मी थापते, तुमी उठा."

मी तिला तळ्यावर नेलं. वाटेत चुरमुरे घेतले. यात्रेची गर्दी होती, तरी तिनं पाण्याशी जागा काढली, आणि पदर पुढं धरून एकेक चुरमुरा टाकत बसली. मालतीला मी शेवाळाचं निमित्त सांगून अडवलं होतं. हिला मी अडवलं नाही. मासे आले. ती लहान पोरीसारखी हसली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आता खरं झालं न्हवं?" मी म्हटलं, व्हय बाळ, झालं.

काल मालतीची तिथी होती. श्राद्ध तिच्या सासरी मोडनिंबला. आपल्याला त्यात करायचं काही नसतं. हे कचेरीत गेले. मी दार लावून घेतलं, देवापुढं बसले. मनात आलं, जगानं काय करायचं ते केलं, आज आपण तिची अष्टकं तिच्या नावानं एकदा म्हणू. ऐकायला कुणी नाही, मागायला कुणी नाही. पहिली दोन कडवी नीट झाली. तिसऱ्याला, 'ती लाडकी' म्हटलं आणि पुढे माझ्या तोंडून रेणुका आलं.

मी थांबले. पाणी प्यायले. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा त्या जागी जीभ तिकडेच गेली. मग मी अक्षर अक्षर आठवून, जपून, मालतीचं नाव घातलं. घातलं, असंच म्हणावं लागतंय बघ. माझ्या पोटच्या पोरीचं नाव, आणि ते मी कुठल्या तरी रिकाम्या जागेत मापानं बसवत होते. ते बसलं. पण दुसऱ्या कुणाच्या गाण्यात उसनं घातल्यासारखं कानाला लागलं. पुढची पाच कडवी मी म्हटली नाहीत.

तुझा तो पुस्तकवाला दुसरी आवृत्ती मागत होता ना? त्याला हो म्हण. टिंबं आहेत तशीच राहू देत.

अक्का